गाणे पहिल्या नंबरवर, हिशेब कुणाच्या वहीत?

१९८३ सालच्या मे महिन्यात चौदा-पंधरा वर्षांच्या पाच काळ्या पोरांचे एक गाणे इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसले. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या काळ्यांच्या संगीताच्या यादीतही ते पहिले आले. गाण्याचे नाव 'कँडी गर्ल', पोरांच्या गायनसंचाचे नाव 'न्यू एडिशन', गाव बॉस्टन. या गाण्याच्या जोरावर पोरांचा पहिला मोठा दौरा झाला. गावोगावी गर्दी उसळली, मुली किंचाळल्या, तिकिटे संपली. दौरा आटोपून गाडीने पोरांना पुन्हा त्यांच्या वस्तीत आणून सोडले आणि प्रत्येकाच्या हातात एक चेक पडला. चेक होता एक डॉलर सत्त्याऐंशी सेंटचा!

वाचकांनी हा आकडा पुन्हा वाचावा. छपाईची चूक नाही. दौऱ्याचा खर्च वजा जाता एवढेच उरले, असे त्या मुलांना सांगण्यात आले. खर्च कुणी मांडला, कोणत्या वहीत मांडला, ती वही पाहण्याचा अधिकार त्यांच्या आईबापांना होता की नव्हता, याचे उत्तर त्या चेकवर लिहिलेले नव्हते.

चळवळीच्या दैनिकात अमेरिकेतल्या पोरांच्या नाचगाण्याचे काय काम, असे आमचे काही वाचक विचारतील. इथे रोज अन्याय-अत्याचाराच्या बातम्या येत असताना तुम्हाला हे कसले सुचते, असेही म्हणतील. त्यांना आमचे नम्र सांगणे असे की, आपली चळवळ ज्यांच्या खांद्यावर बसून खेड्यापाड्यांत गेली, त्यात गाणारे पुढे होते. ज्या आयाबायांना अक्षर येत नव्हते त्यांना बाबासाहेब कळले ते जलशांतून. भीमराव कर्डकांचे जलसे असोत, वामनदादा कर्डकांची आयुष्यभराची पायपीट असो, ढोलकी आणि पेटी घेऊन रात्री जागवणाऱ्या अनाम गायन पार्ट्या असोत, त्यांनी आपल्याला उभे केले. म्हणून गाणे कुणाचे, त्याचा पैसा कुणाचा आणि हिशेब कुणाच्या वहीत, हा प्रश्न आमच्या दृष्टीने करमणुकीचा नाही. तो मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीचा प्रश्न हाच गुलामीचा प्रश्न असतो.

अमेरिकेतले काळे बांधव आपल्याला परकेही नाहीत. १९४६ साली बाबासाहेबांनी डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्यांच्या थोर विचारवंताला पत्र लिहिले, अस्पृश्यांच्या आणि त्यांच्या स्थितीतले साम्य सांगितले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली आपल्या तरुणांनी मुंबईत 'दलित पँथर' उभी केली ती तिकडच्या 'ब्लॅक पँथर'कडे पाहूनच. तेव्हा त्यांच्या लढ्यातून शिकायचे आणि त्यांच्या फसवणुकीतून शिकायचे नाही, असे कसे चालेल?

ही पोरे आली कुठून तेही पाहू. बॉस्टनमध्ये रॉक्सबरी नावाचा काळ्यांचा भाग आहे. माल्कम एक्स तारुण्यात तिथे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग बॉस्टन विद्यापीठात शिकत असताना तिथल्या चर्चमध्ये प्रवचने देत. त्या रॉक्सबरीत ऑर्चर्ड पार्क नावाच्या सरकारी घरांच्या इमारती होत्या. आपल्या वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र पुरेसे स्पष्ट होईल. घरात पैसा नाही, बाहेर टोळ्या आणि नशा, पोलिसांची नजर वाकडी. १९७८ च्या सुमारास तिथल्या काही पोरांनी गाण्याचा संच जमवला. पुढे त्यात पाच जण पक्के झाले. बॉबी ब्राऊन, मायकेल बिविन्स, रिकी बेल, रॉनी डेव्हो आणि राल्फ ट्रेसव्हँट. रॉनीच्या नात्यातले ब्रूक पेन त्यांना नाच शिकवत आणि घामाघूम होईपर्यंत तालीम घेत. काळ्यांच्या घराघरात तेव्हा 'जॅक्सन फाइव्ह' या पाच भावांच्या संचाचे वेड होते. ही त्यांची नवी आवृत्ती, म्हणून पेन यांनी नाव दिले 'न्यू एडिशन'.

१९८१ साली डॉर्चेस्टरच्या स्ट्रँड थिएटरात गाण्याची स्पर्धा झाली. ती भरवणारा मॉरिस स्टार हा स्वतः काळा संगीतकार. पोरे दुसरी आली, पण स्टारची नजर पारखी. त्याने त्यांना आपल्या स्टुडिओत नेले. भाऊ मायकेल जोन्झुन याच्याबरोबर त्याने 'कँडी गर्ल' लिहिले आणि न्यूयॉर्कच्या 'स्ट्रीटवाइज' या छोट्या कंपनीने ते बाजारात आणले. सुरेल, उडते, पोरवयाच्या प्रेमाचे गाणे. मधेच बोलल्यासारखा रॅप. पोरे सुटाबुटात एका तालात पाय टाकत. ज्याला आज जग 'बॉय बँड' म्हणते, त्याचा ऐंशीच्या दशकातला साचा या रॉक्सबरीच्या पोरांनी घडवला.

आता यादीची गंमत पाहा. हे गाणे इंग्लंडमध्ये सगळ्यांच्या यादीत पहिले आले. अमेरिकेत मात्र ते 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाच्या 'ब्लॅक सिंगल्स' यादीत पहिले आले आणि सर्वांच्या मुख्य यादीत, म्हणजे 'हॉट हंड्रेड'मध्ये, सेहेचाळिसाव्या नंबरच्या पुढे सरकले नाही. गाणे तेच, आवाज तेच, देश तोच, याद्या मात्र दोन! काळ्यांच्या संगीताची ही वेगळी यादी १९४५ ते १९४९ या काळात उघडउघड 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने छापली जात होती. पुढे तिची नावे बदलत गेली. १९८२ पासून १९९० पर्यंत ती 'ब्लॅक' म्हणून चालली. नाव बदलले तरी भिंत तीच. त्याच १९८३ च्या जानेवारीत डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने एमटीव्ही या वाहिनीच्या निवेदकालाच मुलाखतीत तोंडावर विचारले होते की, तुमच्या वाहिनीवर काळे कलावंत एवढे कमी का दिसतात? निवेदकाला धड उत्तर देता आले नाही. गावात वेगळा पाणवठा, वेगळी मसणवट पाहिलेल्या माणसाला या दोन याद्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तुमचे पाणी गोड असेल, पण ते तुमच्याच आडाचे. आमच्या तळ्याशी यायचे नाही!

वेगळ्या यादीतला पहिला नंबर आणि मग तो एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. पोरे आणि त्यांचे पालक चिडले नसते तरच नवल. त्यांनी स्टारला आणि कंपनीला सोडचिठ्ठी दिली आणि ती कोर्टात गेली. खरी कहाणी इथून पुढे आहे.

पोरे निघून गेल्यावर स्टारने काय करावे? तो पुन्हा बॉस्टनच्याच गल्ल्यांत फिरू लागला आणि या वेळी त्याने पाच गोरी पोरे शोधली. तेच पाच जण, तसाच नाच, तसेच गोड गाणे, लिहिणारा आणि वाजवणारा तोच. संचाचे नाव 'न्यू किड्स ऑन द ब्लॉक'. 'न्यू एडिशन'ची पोरे गोरी असती तर कितीतरी पटींनी मोठी झाली असती, असे स्टारने उघडपणे बोलूनही दाखवले आहे. तो काही सिद्धांत मांडत नव्हता, तो बाजाराचा भाव सांगत होता! आणि भाव त्याने बरोबर ओळखला होता. आधी काही वर्षे या गोऱ्या पोरांची डाळ शिजली नाही. कोलंबिया कंपनीने तर त्यांना आपल्या काळ्या संगीताच्या विभागामार्फत घेतले होते. पण १९८८ च्या 'हँगिन टफ' या अल्बमनंतर जे वादळ उठले ते थांबेना. १९९१ साली 'फोर्ब्स' मासिकाने सर्वाधिक कमाई करणाऱ्या कलावंतांची यादी छापली. त्यात ही पाच पोरे अव्वल होती, मायकेल जॅक्सन आणि मॅडोना यांच्याही पुढे. दोन वर्षांची मिळून कमाई सुमारे साडेअकरा कोटी डॉलर धरली होती.

साचा तोच, शहर तेच, गुरू तोच. बदलले काय? कातडी! आपल्याकडे ज्याला जात म्हणतात आणि तिकडे ज्याला वर्ण म्हणतात, त्याची किंमत पैशांत किती होते, याचा एवढा स्वच्छ हिशेब क्वचितच कुणी मांडला असेल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही अर्धे सत्य सांगणाऱ्यांत जमा होऊ. त्या गोऱ्या पोरांवर आमचा राग नाही. तीही कष्टकऱ्यांचीच पोरे होती. १९७४ साली बॉस्टनच्या एका न्यायाधीशाने काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्याचा आदेश दिला आणि मुलांना बसने एकमेकांच्या भागातल्या शाळांत पाठवायला सुरुवात झाली. तेव्हा साउथ बॉस्टनच्या गोऱ्या जमावाने काळ्या मुलांच्या बसवर दगड मारले. एवढे सगळे होऊनही पुढच्या वर्षांत 'न्यू किड्स'मधली काही पोरे याच बसने रॉक्सबरीतल्या शाळेत गेली आणि काळ्या मित्रांच्या संगतीत रॅप आणि नाच शिकली. ती शाळा कुणाच्या नावाची होती? विल्यम मन्रो ट्रॉटर यांच्या. हे ट्रॉटर म्हणजे १९०१ पासून बॉस्टनमध्ये 'गार्डियन' हे काळ्यांचे वृत्तपत्र चालवणारे संपादक. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासमोर उभे राहून त्यांनी सरकारी कचेऱ्यांतल्या वर्णभेदाचा जाब विचारला होता. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, त्याच्या एकोणीस वर्षे आधी एका बहिष्कृत समाजाचा संपादक तिकडे हेच काम करत होता.

म्हणजे पाहा, एका बाकावर बसल्याने मुलांमध्ये बंधुभाव आला. एकाचे गाणे दुसऱ्याच्या गळ्यात गेले. समतेच्या कायद्याने आपले काम केले. पण शाळेचा बाक एक झाला तरी बाजाराच्या याद्या दोनच राहिल्या. एकत्र शिकलेल्या मुलांपैकी कुणाच्या गाण्याला किती भाव, हे शाळा ठरवत नव्हती. ते ज्याच्या हातात कागद, वही आणि तिजोरी होती तो ठरवत होता.

आणि गोऱ्या पोरांना तरी या व्यवस्थेने पूर्ण सोडले काय? 'न्यू किड्स'चा पैसा पाहून लू पर्लमन नावाच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटले. त्याने तोच साचा उचलून नव्वदच्या दशकात 'बॅकस्ट्रीट बॉइज' आणि 'एनसिंक' हे दोन संच उभे केले. जगभर कोट्यवधी तबकड्या खपल्या आणि शेवटी याही पोरांना आपल्या वाट्याच्या पैशासाठी पर्लमनविरुद्ध कोर्टात जावे लागले. २००८ साली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ साली तो तुरुंगवासातच मेला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी बजावले होते की, कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिल्या शत्रूने काळ्या पोरांना वेगळ्या यादीत टाकले, दुसऱ्याने काळ्या-गोऱ्या सर्वांचा खिसा कापला. एकाशीच लढणारा दुसऱ्याकडून मारला जातो, हे बाबासाहेबांचे निदान या गाण्याच्या धंद्यालाही तंतोतंत लागू पडते.

पण या कहाणीतला आम्हाला सर्वांत जास्त टोचणारा काटा वेगळाच आहे. ज्याच्या हाताखाली त्या पोरांना एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट मिळाले तो मॉरिस स्टार काळा होता. आपलाच माणूस! त्याने पोरांना शोधले, गाणे दिले, स्टुडिओ दिला, हे उपकार खरेच. पण आपला माणूस आहे म्हणून कागद वाचायचा नाही, आपला माणूस आहे म्हणून हिशेब मागायचा नाही, ही भावना घात करते. त्या पोरांच्या आयांनी विश्वासाने सह्या केल्या. विश्वास हा वस्तीतला सगळ्यात मोठा ठेवा असतो आणि सगळ्यात स्वस्तात विकला जातो तोही तोच. पुढे या पोरांनी 'एमसीए' या मोठ्या कंपनीची वाट धरली. १९८४ च्या अल्बमने त्यांना मुख्य यादीतही वर नेले, 'कूल इट नाऊ' चौथ्या नंबरपर्यंत गेले. पण काही काळाने त्यांना कळले की आपला करार थेट कंपनीशी झालेलाच नाही, मधल्या एका निर्मिती संस्थेशी झाला आहे! त्या विळख्यातून सुटण्यासाठी त्यांना कंपनीकडूनच कर्ज घ्यावे लागले आणि ते फेडण्यासाठी गात राहावे लागले. सावकाराचे फेडण्यासाठी सावकाराच्याच शेतात राबण्याचा हा प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. त्याला सालदारी म्हणत.

एका लढाईत मात्र ती पोरे पूर्ण जिंकली. ती लढाई होती नावाची. 'न्यू एडिशन' हे नाव कुणाचे? कंपनी म्हणे आमचे, तबकड्या आम्ही काढल्या. स्टारची बाजू अशी की कल्पनाच त्याची. पोरे म्हणाली, स्पर्धेत भेटण्याआधीपासून आम्ही या नावाने गातो. १९८६ साली बॉस्टनच्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश राया झोबेल यांनी निकाल दिला. त्यांनी साधा प्रश्न विचारला. लोक हे नाव ऐकतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय येते? पडद्यामागचा संगीतकार, की ती पाच पोरे? उत्तर उघड होते. लोक ज्यांना ओळखतात, ज्यांच्या गाण्या-नाचण्यावर त्या नावाची किंमत उभी आहे, नाव त्यांचेच.

नावाची लढाई म्हणजे काय, हे आंबेडकरी जनतेला कुणी शिकवण्याची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे आपल्या माणसांनी घरे जाळून घेतली, रक्त सांडले, तुरुंग भोगले. नावात काय आहे, असे विचारणारे लोक स्वतःचे नाव सात-बारावरून कधी काढून टाकत नाहीत. नाव म्हणजे मालकी. मग आपल्या गाण्यांवर आपल्या गायकांची नावे कुठे आहेत?

आमच्या परिचयातले एक गायक आहेत. त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण त्यांना संकोच वाटेल. नव्वदच्या दशकात भीमगीतांच्या कॅसेटचा जमाना होता, तेव्हा एका कंपनीने त्यांना बोलावले. एका बैठकीत सगळी गाणी रेकॉर्ड झाली. हातात एक पाकीट आले आणि इंग्रजीतला एक कागद पुढे आला. कागदावर मधेमधे कोऱ्या जागा होत्या. मालक म्हणाला, "घ्या, करा सही, नुसता नियम आहे." यांनी केली. त्यानंतर कित्येक चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर आले, त्यांचा आवाज वस्त्यावस्त्यांत घुमला आणि त्याच काळात मुलीच्या फीसाठी त्यांना उसनवारी करावी लागली. आज तीच गाणी मोबाइलवर वाजतात. पाहणाऱ्यांचा आकडा लाखांत आहे. खाली कंपनीचे नाव आहे, यांचे नाही. मागच्या जयंतीला ते आम्हाला म्हणाले, "भाऊ, आवाज तर माझाच आहे ना?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ऑर्चर्ड पार्कच्या त्या चेकची आठवण मात्र झाली.

आणि फक्त कंपन्यांनाच दोष देऊन आपण मोकळे होणार काय? आपल्या जयंती मंडळांचे काय? डीजेवाल्याला आगाऊ रक्कम रोख मोजली जाते आणि गायन पार्टीला मात्र "समाजाचे काम आहे, समजून घ्या" असे ऐकवले जाते. रात्रभर गाऊन घ्यायचे, सकाळी शाल-श्रीफळ द्यायचे आणि गाडीभाड्यावरून घासाघीस करायची, हे आपल्या किती मंडळांत चालते ते प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे. ढोलकीवाला समाजाचे काम करतो हे खरे. पण त्याच्या घरातली चूल समाज पेटवत नाही. मॉरिस स्टार फक्त बॉस्टनमध्येच जन्माला येतो, असा गैरसमज नको.

केवळ हळहळून काही होणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला रडायला नव्हे, कायदा वाचायला शिकवले. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. २०१२ साली त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या व्यापारी वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा बरोबरीचा वाटा या दुरुस्तीने मान्य केला. हा हक्क त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. दिला असे करारात लिहिले तरी ते कलम टिकत नाही. गाणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावरचा हक्कही कायद्यात आहे आणि व्यापारी वापराच्या रॉयल्टीवर त्याचाही अधिकार आहे. हक्क किती वर्षांसाठी दिला हे करारात लिहिलेले नसेल तर तो पाचच वर्षांचा धरला जातो. कोणत्या प्रदेशासाठी दिला ते लिहिलेले नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार आपल्या कायद्यात करारच ठरत नाही. वस्तीतल्या रॅप करणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी हे शेवटचे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

आज आपली पोरे मोबाइलवर गाणी बनवतात, रॅप करतात, चार मित्र मिळून संच काढतात. कालची कॅसेट कंपनी गेली, तिच्या जागी चॅनेलवाला आला. "तू फक्त गा, बाकीचे आम्ही बघतो," हे त्याचे गोड वाक्य आहे. पोरांनो, ते 'बाकीचे' म्हणजेच सगळे काही असते! गाणे कुणाच्या नावावर चढवले, पैसे कुणाच्या खात्यात येतात, नाव कुणाचे लागते, हे सगळे त्या 'बाकीच्या'त येते. गाण्याच्या वहीशेजारी हिशेबाची वही ठेवा. न वाचता सही नाही, न समजता सही नाही आणि कागदाची प्रत हातात आल्याशिवाय माइकसमोर उभे राहायचे नाही. आपल्या समाजात आज गावोगावी वकील आहेत. त्यांनी वर्षातले दोन रविवार गायकांचे कागद वाचायला दिले, तर बाबासाहेबांच्या जयंतीला यापेक्षा मोठे अभिवादन कोणते? विहारात वधू-वर मेळावा भरतो, तसा एकदा गायकांचा कागद-मेळावाही भरू द्या. आणि मंडळांनी गायन पार्टीचा मोबदला डीजेच्या आधी, लेखी ठरवून, कार्यक्रमापूर्वी द्यावा. सुरुवात घरापासून व्हावी.

त्या पाच पोरांचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. ती संपली नाहीत. बिविन्स, बेल आणि डेव्हो यांनी १९९० साली स्वतःचा वेगळा संच काढून गाजवला. मायकेल बिविन्सने फिलाडेल्फियाच्या काळ्या पोरांच्या एका संचाला पुढे आणले. त्यांनी आपले नावच 'न्यू एडिशन'च्या एका गाण्यावरून घेतले होते, 'बॉइज टू मेन'. १९९२ साली याच पोरांचे गाणे तेरा आठवडे पहिल्या नंबरवर राहिले. काळ्यांच्या वेगळ्या यादीत नव्हे, सर्वांच्या मुख्य यादीत! १९९६ साली 'न्यू एडिशन' पुन्हा एकत्र आली आणि तिचा अल्बम मुख्य यादीत थेट पहिला आला. २०२१ साली ही पाच पोरे, एक सहावा जोडीदार घेऊन, आणि 'न्यू किड्स'ची ती पाच गोरी पोरे, सगळी आता पन्नाशीच्या आसपासची, एकाच मंचावर उभी राहून एकमेकांची गाणी गायली. भांडण त्यांचे आपसांत कधी नव्हतेच. आणि २०२५ साली रॉक्सबरीतल्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले गेले, 'न्यू एडिशन वे'.

ज्या वस्तीत त्यांना तो चेक देऊन गाडीतून उतरवले होते, त्याच भागात आज त्यांच्या नावाची पाटी आहे. ही पाटी गोड गळ्याने मिळालेली नाही. गोड गळा त्यांच्याकडे १९८३ सालीही होता. ती मिळाली कारण त्यांनी हिशेब मागितला, कोर्टाची पायरी चढली आणि आपले नाव सोडले नाही.

आमच्या त्या गायक बांधवाला आता आमच्याकडे उत्तर आहे. भाऊ, आवाज तुमचाच आहे. तो कागदावरही तुमचाच करून घेऊ. येत्या रविवारी जुने कागद घेऊन या, वकील आम्ही आणतो.

जयभीम!